बारावीनंतर लॅब टेक्निशियन: एक वर्षाचा कोर्स, इथली पदवी की अमेरिकेतील असोसिएट डिग्री?

पालशेतची आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. जीवशास्त्रात तिला चांगले गुण आहेत, परंतु नीटमध्ये एमबीबीएसपर्यंत पोहोचण्याइतके गुण नाहीत आणि पुन्हा त्या परीक्षेला बसण्याची तिची इच्छाही नाही. गेल्या वर्षी लावणीनंतर माझ्या सासऱ्यांना लेप्टोचा ताप झाला, तेव्हा ती आठ दिवस त्यांच्यासोबत रुग्णालयात राहिली होती. तेथील प्रयोगशाळेतल्या एका ताईंनी तिला सूक्ष्मदर्शकातून रक्तपेशी दाखवल्या, आणि तेव्हापासून तिने लॅबमध्येच काम करायचे असे मनाशी पक्के केले आहे. आमचाही विरोध नाही.

सध्या आमच्यासमोर तीन वाटा आहेत. जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी एक वर्षाचा लॅब टेक्निशियनचा कोर्स आहे; त्याचा फलक एसटी स्टँडवर लागलेला आहे आणि त्यावर नोकरीची शंभर टक्के हमी लिहिलेली आहे. दुसरी वाट बीपीएमटी (बॅचलर इन पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) ही पदवी किंवा मान्यताप्राप्त पदविका घेण्याची, म्हणजे घरापासून दूर, वसतिगृहात राहून. तिसरी वाट माझ्या धाकट्या दिरांनी सुचवली. ते अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ राहतात. तेथील टेक्निकल कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली की लगेच रुग्णालयात नोकरी मिळते, राहायला आमचे घर आहेच, मुलीला इकडे पाठवा, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी अंगणवाडीत काम करते, आणि यजमानांची थोडी हापूसची कलमे आहेत. मोठी रक्कम आम्हांला एकदाच उभी करता येईल, चुकली तर दुसऱ्यांदा नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मदर्शक

ताई, रत्नागिरी जिल्ह्यातील एका उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षे काम करतो आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन वाटांबद्दल अधिकाराने लिहू शकतो.

एक वर्षाच्या कोर्सचा विचार मनातून काढून टाका. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिक कोणाला म्हणायचे, याची व्याख्याच दिलेली आहे: किमान २,००० तासांचे शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले, आणि त्याअंती पदविका किंवा पदवी. त्याच्या वरच्या गटाला, म्हणजे आरोग्यसेवा व्यावसायिकाला, किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षे लागतात. एका वर्षाचा कोर्स फलकावर कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला तरी या व्याख्येत बसत नाही. आपल्या राज्यात परावैद्यक परिषदेकडे नोंदणीही करावी लागते, आणि तिथे तुमच्या प्रमाणपत्रामागे कोणते विद्यापीठ किंवा मंडळ आहे हे पाहिले जाते, संस्थेचा फलक पाहिला जात नाही.

परंतु कायद्यापेक्षाही मला त्या तासांविषयी लिहायचे आहे, कारण हे काम हातात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ कमी करता येत नाही. दंडाला पट्टी बांधून शीर सापडणे ही फक्त सुरुवात झाली. रक्त सिरिंजने जोरात ओढले किंवा नळीत जोरात सोडले तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ती लगेच हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करावी लागते, नाहीतर आत बारीक गुठळी होते आणि यंत्र चुकीचा आकडा देते. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. हाताला मात्र ते शेकडो रुग्णांनंतर कळते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. डेंग्यूचे दिवस होते, प्रयोगशाळेसमोर रांग लागलेली होती. एकोणीस वर्षांच्या एका मुलाच्या प्लेटलेट्स यंत्राने २४,००० दाखवल्या आणि डॉक्टरांनी त्याला आंबा घाटमार्गे कोल्हापूरला हलवण्याची तयारी सुरू केली. आमच्याकडे तेव्हा एक मुलगी प्रशिक्षणाला होती. मुलाच्या अंगावर ना पुरळ, ना कुठे रक्तस्राव, म्हणून तिला तो आकडा पटेना; कोणी सांगितले नसताना तिने काचपट्टीवर रक्ताचा थेंब पातळ ओढून ती रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पट्टीच्या शेपटाकडच्या कडेला प्लेटलेट्सचे पुंजकेच्या पुंजके होते. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रसायन असते, त्यामुळे काही जणांच्या रक्तात असे पुंजके बनतात आणि यंत्राला ते मोजता येत नाहीत. आम्ही निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत नव्याने रक्त घेतले, पातळपणाचा हिशेब धरून आकडा काढला, तो १,३८,००० आला. मुलगा कोल्हापूरला गेला नाही, चौथ्या दिवशी घरी गेला. त्या मुलीच्या जागी यंत्रातून निघालेला कागद फक्त पुढे करणारा माणूस असता, तर त्या घराला रात्रीचा घाट आणि रुग्णवाहिकेचे भाडे दोन्ही सोसावे लागले असते.

म्हणून कोणत्याही संस्थेत गेलात की तीन गोष्टी लेखी मागा. परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते? रुग्णालयातले प्रत्यक्ष काम किती तासांचे आणि कोणत्या रुग्णालयात? आणि तिथे दररोज साधारण किती नमुने तपासले जातात? रोज वीस नमुने येणाऱ्या ठिकाणी दोन वर्षे काढलेले मूल आणि रोज चारशे नमुन्यांमध्ये वावरलेले मूल यांच्या हातात फार फरक असतो.

पदविका की पदवी, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर पदवी. बीपीएमटी ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आहे, तीन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. ती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालते, त्यामुळे हाताखालून जाणाऱ्या रुग्णांची वाण नसते. शासकीय भरतीची एखादी जुनी जाहिरात काढून अर्हतेची ओळ वाचून पाहा. प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदासाठी विज्ञानाची पदवी आणि त्यावर डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, अशी मागणी असते. बारावीवर केलेली नुसती पदविका तिथे अपुरी पडते. आमच्या वेळी हे सांगणारे कोणी नव्हते; मी पदविका आधी केली आणि नोकरी सांभाळून बीएस्सी नंतर पूर्ण केली, त्यात माझी पाच वर्षे गेली.

वाटूळकर

सूक्ष्मदर्शक यांनी लिहिलेल्या तीन प्रश्नांपैकी एकही मी विचारला नव्हता. फलकावरची हमी वाचून मी अशाच एका वर्षाच्या कोर्सला गेलो. दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, एक सूक्ष्मदर्शक होता आणि रक्त काढण्याचा सराव रबराच्या हातावर होता. रुग्णालयातील प्रशिक्षण म्हणून आम्हांला एका खाजगी दवाखान्यात बसवत, तिथे आम्ही बहुतेक वेळ रुग्णांची नावे वहीत लिहीत असू. शेवटी मिळालेले प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कौन्सिलचे निघाले. कंत्राटी भरतीत माझे नाव गुणवत्ता यादीत आले होते, पण कागदपत्रे पडताळताना ते प्रमाणपत्र बाजूला ठेवले गेले आणि माझ्यामागच्या उमेदवाराला बोलावले. वडिलांनी त्या फीसाठी बैलजोडी विकली होती.

आता मी मान्यताप्राप्त पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुलांपेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे. ताई, त्या फलकावरच्या संस्थेत पैसे भरण्याआधी मागील तुकडीतील दोन विद्यार्थ्यांचे संपर्क मागा आणि त्यांना स्वतः भेटा. संपर्क दिले नाहीत तर तिथूनच परत फिरा.

हर्णैकर

पालशेतची आई, नमस्कार वहिनी. मी मूळचा हर्णैचा. गेली अकरा वर्षे अमेरिकेत आहे आणि ज्या प्रकारच्या टेक्निकल कॉलेजाविषयी तुमचे दीर बोलत आहेत, तशाच एका कॉलेजातून मी रेडिओग्राफीची असोसिएट डिग्री घेतलेली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. ते जे सांगत आहेत ते तेथील स्थायिक माणसाच्या बाबतीत खरेही आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते तसेच्या तसे लागू होत नाही, आणि ते का, हे नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी त्या शिक्षणाविषयी. असोसिएट डिग्री ही साधारण ६० सेमिस्टर क्रेडिटची, नावापुरती दोन वर्षांची पदवी आहे. जॉर्जियात अशी २२ टेक्निकल कॉलेजे आहेत. कॉलेजात प्रवेश मिळणे अवघड नसते, पण आरोग्यसेवेच्या मुख्य अभ्यासक्रमात प्रवेश मिळणे हा वेगळा टप्पा आहे. आधी इंग्रजी लेखन, गणित, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय पूर्ण करायचे, त्यांत चांगले गुण मिळवायचे, आणि मग मोजक्या जागांसाठी स्पर्धा करायची. जागा मोजक्याच असतात, कारण रुग्णालये एका वेळी ठराविकच विद्यार्थी घेतात. मला आधीचे विषय धरून सगळे मिळून तीन वर्षे लागली.

शिक्षण मात्र मनापासून घेतलेले असते, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पहिल्या सत्रातच आम्हा प्रत्येकाला शिशाचे दोन छोटे ठसे मिळाले, एक उजव्या बाजूचा आणि एक डाव्या, दोन्हींवर स्वतःच्या नावाची आद्याक्षरे. क्ष-किरण चित्र घेताना तो ठसा योग्य बाजूला लावायचा, म्हणजे चित्रावर बाजूही उमटते आणि चित्र कोणी घेतले हेही कायमचे उमटते. माझ्या पहिल्या छातीच्या एक्स-रेवर मी डावा ठसा उजवीकडे लावला होता. प्रशिक्षिका बाईंनी बटण दाबण्याआधी माझा हात धरला आणि रुग्णाच्या कानावर जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारले की, या गृहस्थांच्या छातीत नळी घालायची वेळ आली तर ती कोणत्या बाजूला घातली जाईल? आजही ठसा लावल्यावर मी एकदा रुग्णाच्या हाताला स्पर्श करून बाजू मनात म्हणतो.

पदवीनंतर राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा असते. रेडिओग्राफीच्या परीक्षेला बसण्यासाठी २०१५ पासून किमान असोसिएट डिग्री बंधनकारक झाली आहे. तुमच्या मुलीला लॅबमध्ये जायचे आहे, तिथे या पदवीवर मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियन होता येते. त्याच्या वरचे सायंटिस्टचे पद चार वर्षांच्या पदवीवर मिळते.

आता अडचणी. मी येथे आलो तो पत्नीमुळे, ग्रीन कार्डवर, म्हणून मला स्थानिक विद्यार्थ्याची फी लागू झाली. तुमची मुलगी विद्यार्थी व्हिसावर येणार, म्हणजे तिला स्थानिक विद्यार्थ्याच्या कित्येक पट फी भरावी लागेल आणि तेथील सरकारी मदत मिळणार नाही. काकांच्या घरी राहिल्याने खोलीचे भाडे वाचेल, फी वाचणार नाही. याहून मोठी अडचण पदवीनंतरची आहे. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला त्या शिक्षणाशी संबंधित काम करण्यासाठी साधारणपणे बारा महिने मिळतात. त्यापुढे नोकरीसाठी जो एच-१बी व्हिसा लागतो, तो किमान बॅचलर पदवी लागणाऱ्या कामांसाठीच असतो. असोसिएट डिग्रीच्या नोकऱ्या त्यात बसत नाहीत. म्हणजे एवढा खर्च करून, परीक्षा उत्तीर्ण होऊन, रुग्णालयाला ती हवी असूनही वर्षभराने तिला परतावे लागण्याची शक्यता फार मोठी आहे. आणि भारतात ती दोन वर्षांची पदवी आपल्या तीन-चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही.

तिला पुढे परदेशात यायचेच असेल तर वाट उलट्या बाजूने आहे. भारतात बॅचलर पदवी करावी, चांगल्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे काम करावे, आणि मग येथील परीक्षा मंडळाकडे पदवीचे मूल्यांकन करून परीक्षेला बसावे. आखातातही तसेच आहे. आमच्या दाभोळ-हर्णै पट्ट्यातील अनेक मुले दुबई-कतारला रुग्णालयांत आहेत. तिथे परवाना देण्याआधी तुमच्या संस्थेकडे आणि आधीच्या नोकरीच्या ठिकाणी थेट चौकशी करून कागदपत्रे खरी आहेत का ते पडताळतात. वाटूळकर यांच्यासारखे प्रमाणपत्र तिथे एका दिवसात उघडे पडेल.

दिरांना हे माझ्या नावाने खुशाल सांगा. त्यांनी एकदा त्या कॉलेजात फोन करून परदेशी विद्यार्थ्याची फी आणि आधीच्या वर्षी अशा किती विद्यार्थ्यांना मुख्य अभ्यासक्रमात जागा मिळाली, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

पालशेतची आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमची उत्तरे मी मुलीला आणि यजमानांना वाचून दाखवली. वाटूळकर भाऊ, बैलजोडीचे वाचून यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणखी दोन शंका आहेत. शिक्षण झाल्यावर आमच्या गावी स्वतःची लॅब काढता येईल का? आमच्याकडे साधी साखर तपासायलाही गुहागरला जावे लागते. आणि दुसरे, तिच्या मैत्रिणीने डायलिसिस टेक्निशियनचे सुचवले आहे. त्या कामाविषयी कोणी सांगेल का?

सूक्ष्मदर्शक

लॅबविषयी स्पष्ट सांगतो, कारण या आशेवर पुष्कळ मुले या क्षेत्रात येतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की पॅथॉलॉजीचा अहवाल हा पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांच्याच सहीने दिला गेला पाहिजे. तेव्हा केवळ तंत्रज्ञाच्या सहीवर स्वतःची लॅब चालवणे हा मार्ग धरू नका, आजूबाजूला कोणी तसे करत असले तरी. एखाद्या पॅथॉलॉजिस्टबरोबर गावात नमुना संकलन केंद्र चालवता येते. पालशेतसारख्या गावात त्याचीही मोठी सोय होईल. मात्र नमुना किती वेळात आणि किती थंडाव्यात पोहोचतो यावर अहवाल अवलंबून असतो, आणि एसटीच्या पिशवीतून उन्हात गेलेल्या नळ्या मी अनेकदा परत केल्या आहेत.

फीविषयी एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ झाली आहे. त्यासाठी प्रवेश मान्यताप्राप्त महाविद्यालयात आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आताच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत सेतू कार्यालयात उभे राहायला जागा नसते.

कुडाळची डायलिसिसवाली

काकू, मी सिंधुदुर्गात डायलिसिस तंत्रज्ञ आहे, सहा वर्षे झाली. लॅब आणि डायलिसिस यांत मोठा फरक असा की लॅबमध्ये तुम्हांला रुग्णाचे रक्त भेटते आणि आमच्याकडे रुग्णच भेटतो, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, वर्षानुवर्षे. त्यांच्या घरची लग्ने, भांडणे, गणपतीला आलेले चाकरमानी, सगळे आम्हांला माहीत असते. आणि त्यांतला एखादा एके दिवशी येत नाही, तेही सोसावे लागते. मुलीचे मन त्यासाठी तयार आहे का, हे तिलाच विचारा.

काम जबाबदारीचे आहे. एका रुग्णाच्या एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, आणि त्या पाण्यात दोष राहिला तर तो थेट रक्ताला जाऊन भिडतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा दोन रुग्ण यंत्रावर असतानाच वीज गेली आणि जनरेटरही बंद पडला. यंत्राची बॅटरी थोडा वेळ टिकते. ती संपत आल्यावर आम्ही पंपाची दांडी बाहेर काढून हाताने सावकाश फिरवत, नळीतले सगळे रक्त रुग्णांच्या अंगात परत घातले. बाहेर माड मोडल्याचे आवाज येत होते. माझ्या हाताखालच्या आजींनी शेवटपर्यंत माझे मनगट धरून ठेवले होते. दांडी किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरवायची, हे आंतरवासितेत आमच्या सरांनी आमच्याकडून दर शनिवारी करून घेतले होते, म्हणून त्या रात्री हात थरथरला नाही.

रात्रपाळीविषयी आईंना काळजी असते म्हणून लिहिते: आमच्या केंद्रात पाळ्या दिवसाच्या असतात, तातडीच्या वेळी मात्र जावे लागते. लॅबमध्ये मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी असतेच. वसतिगृह आणि रुग्णालय एकाच आवारात आहे का, हे प्रवेशाच्या वेळी स्वतः जाऊन पाहा.

पालशेतची आई

काल आम्ही दोघी त्या फलकावरच्या संस्थेत जाऊन आलो. परीक्षा कोण घेते आणि रुग्णालय कोणते, हे लेखी मागितले, तर आधी नाव नोंदवा, मग सांगू, असे उत्तर मिळाले. मागील तुकडीतील विद्यार्थ्यांचे संपर्कही मिळाले नाहीत. आम्ही तिथून सरळ एसटी स्टँडवर आलो.

दिरांनी कॉलेजात फोन केला होता. फीचा आकडा ऐकून तेच म्हणाले की, वहिनी, तिला तिकडेच पदवी करू दे, नंतरचे नंतर पाहू. डायलिसिसचे वाचून मुलगी रात्रभर विचार करत होती. सकाळी म्हणाली की तिला सूक्ष्मदर्शकच हवा. बीपीएमटीच्या प्रयोगशाळा शाखेसाठी अर्ज करायचे ठरले आहे. आज सेतूमध्ये डोमिसाइल आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज दिले, पावत्या मिळाल्या. सूक्ष्मदर्शक भाऊ, प्रवेशाआधीच्या या दोन महिन्यांत तिला तुमच्या प्रयोगशाळेत एक दिवस बसून काम पाहता येईल का? वरिष्ठांची परवानगी लागत असेल तर अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, तेवढे कृपया कळवावे.